शेवटच्या कडव्यातलं नाव

या उन्हाळ्यापर्यंत माझ्या मोबाइलमध्ये एकाच गाण्याच्या एकतीस प्रती जमल्या होत्या. एक कऱ्हाटीच्या बाईंनी स्वयंपाक करता करता म्हटलेली. तिच्यात दुसऱ्या कडव्याला कुकरची शिट्टी होते, आणि बाई गाणं न थांबवता गॅस बंद करतात तेही ऐकू येतं. एक उसाच्या ट्रॅक्टरमधली, तिच्यात गाणाऱ्यापेक्षा इंजिन जास्त सुरात आहे. एक लग्नाच्या बँडनं वाजवलेली, नुसती चाल. एक कॉलेजच्या मुलीनं गिटारवर म्हटलेली, इतकी संथ की ऐकता ऐकता मला दोनदा डुलकी लागली आणि जागी झाले तरी तिसरं कडवं चालूच होतं.

या प्रती गोळा करणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे. इंदापूर तालुक्यात डाळजला एक कवी होऊन गेले. सगळे त्यांना तात्या म्हणत, मीही तेवढंच म्हणेन. या लेखात कुणाचंही नाव घालायचं नाही असं मी ठरवलंय. नाव घालण्याचा माझा मागचा अनुभव चांगला नाही.

तात्यांचा गळा घोगरा होता. ते स्वतः कधी गायले नाहीत. गाणी लिहायचे आणि गायन पार्ट्यांना देऊन टाकायचे. जयंतीला, विहाराच्या उद्घाटनाला, लग्नाच्या मांडवात अशा पार्ट्या गायच्या. एक पेटीवाला, एक ढोलकीवाला, मागं झील धरायला दोघं-तिघं, आणि असलीच तर एक बाई. तात्यांचं पुस्तक कधी निघालं नाही. वह्या होत्या, त्या वाळवीनं खाल्ल्या. म्हणजे आता तात्या उरले ते दुसऱ्यांच्या गळ्यात. ते गळे शोधायचे, जुन्या कॅसेटी मोबाइलमध्ये उतरवायच्या, नव्या पोरापोरींनी म्हटलेलं जमवायचं, एकमेकांना पाठवायचं, हे आमच्या ग्रुपचं काम. त्या काळच्या पार्ट्यांची बाकीची गाणीही त्यात येतात.

ग्रुप काढला इंदापूरच्या एका निवृत्त गुरुजींनी. गुरुजींचे नियम कडक. कुणी गायलं, कुठं गायलं आणि गाणं कुणाकडून मिळालं, हे प्रत्येक प्रतीखाली लिहायचं. आणि शेवटचं कडवं कापायचं नाही, कारण कवीचं नाव तिथं असतं. आमच्याकडची ती रीतच. ज्यांचं नाव पुस्तकावर छापायला कुणी बसलेलं नव्हतं, त्यांनी ते गाण्याच्या पोटात ठेवून दिलं. शेवटच्या कडव्यात 'अमुक म्हणे' असं आलं की ऐकणारे मान डोलवायचे, गाणं कुणाचं ते कळायचं.

तर त्या एकतीस प्रतींपैकी बँडची सोडली तर तीसच्या तीस प्रतींमध्ये शेवटच्या कडव्यात माझं नाव आहे. आणि ते गाणं माझं नाही.

पार्टीतली ती एक बाई म्हणजे मी. पेटीवर आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, आणि माइकपुढं मी. तेव्हा मी तिशीत होते आणि बारामती-इंदापुरात कोकिळा एकच असून ती कन्हेरीत राहते, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. केसात इतका मोठा गजरा माळायची की एका बाजूची मान दुखायची. माइकवाल्यानं माइक नीट केला की मी तो परत वाकडा करून पुन्हा नीट करायची, कारण लोकांनी बघायला हवं. आज ती बाई माझ्यापुढं आली तर मी तिला आधी तो गजरा काढून ठेवायला लावीन.

तात्या तेव्हा रोजगार हमीच्या कामावर हजेरी घ्यायचे. बायका रांगेनं यायच्या, शाईच्या पॅडवर अंगठा दाबायच्या, हजेरीपटावर उठवायच्या. त्यातून त्यांनी 'अंगठ्याची शाई' हे गाणं केलं.

धुतली गं धुतली अंगठ्याची शाई,
आज माझी सही मीच केली बाई.

शेवटच्या कडव्यात ओळ होती, 'अमुक म्हणे बाई, तुझं नाव तूच लिही'. त्या अमुकच्या जागी तात्यांचं तीन अक्षरी नाव. कागद माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "हे बाईच्याच तोंडात शोभंल." मी ते आठ दिवसांत बसवलं.

जयंतीला भिगवणच्या बाजूला एका गावात दोन पार्ट्यांचा सामना होता. दिवस मावळायला सुरुवात झाली. समोरच्या पार्टीचा गायक मोठा तोंडाळ. त्यानं माइकवरून मला टोला दिला, "बाईंचा गळा ब्येस हाय, पर गाणं उसनं. लिवायला बाप्याच लागतोय." लोक हसले. मला झोंबलं. मी 'अंगठ्याची शाई' सुरू केलं, आणि शेवटच्या कडव्यात तात्यांच्या नावाच्या जागी माझं नाव घातलं. माझंही तीन अक्षरी, बरोबर बसलं. तुझं नाव तूच लिही, असं कवीच सांगतोय. मी ते जरा जास्तच मनावर घेतलं. पेटीवर आमच्या मालकांचं बोट घसरलं, तो बेसूर अजून त्या कॅसेटमध्ये आहे. लोकांनी मात्र टाळ्यांचा पाऊस पाडला. तोंडाळ गायक गप्प झाला.

तात्या तिसऱ्या रांगेत सतरंजीवर बसले होते.

कार्यक्रम झाल्यावर चहा प्यायला आले. कपातलं बशीत ओतलं, बशी संपवली, आणि म्हणाले, "आवाज चांगला लागला." मी त्यांना म्हणाले, "तात्या, त्या माणसाचं तोंड बंद करायचं व्हतं." ते म्हणाले, "व्हय, झालं की बंद." एवढंच. मला वाटलं, मिटलं. मी इतकी शहाणी होते.

पुढं त्यांनी मला आणखी दोन गाणी दिली. दोन्हींना शेवटचं कडवं नव्हतं. तीन कडवी आणि संपलं. मी आमच्या मालकांना म्हणालेही, "तात्या आताशा विसराया लागलेत." मालक पेटीचा भाता बंद करत होते. ते म्हणाले, "तात्या न्हाय इसरत." त्यानंतर तात्यांकडून गाणं आलं नाही, आणि मी विचारायलाही गेले नाही.

त्या सामन्याची कॅसेट कुणीतरी भरली होती. तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. टपरीवर, जीपमध्ये, मांडवात ती वाजत राहिली. लोकांनी त्यावरूनच गाणं उचललं, माझ्या नावासकट. मला कुणी विचारलं की मी हसायची. हसणं म्हणजे खोटं बोलणं नाही, अशी मी माझी समजूत घातली होती. तात्या गेले, आमचे मालक गेले, आणि मी हसतच होते.

गेल्या वर्षी नातीनं मला त्या ग्रुपमध्ये घातलं. नात बारामतीत औषधाच्या दुकानात काम करते, सगळ्या तालुक्याची चिठ्ठी वाचता येते तिला, माझं मन मात्र वाचता येत नाही असं मला वाटायचं. ग्रुपमध्ये माझं स्वागत फुलांच्या चित्रांनी झालं. 'अंगठ्याची शाई'च्या कवयित्री आल्या, असं गुरुजींनी लिहिलं. मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ते कसं पाठवायचं हेही नातीनंच शिकवलं.

ग्रुपमध्ये मी रोज तात्यांची गाणी ऐकायची. शेवटचं कडवं नसलेल्या त्या दोन गाण्यांवर तिथं मोठी चर्चा चालायची. शेवटचं कडवं हरवलंय, कुणाकडं असल्यास पाठवावं, असं आवाहन गुरुजी दर पंधरा दिवसांनी करायचे. लोक आपापल्या आत्या-मावश्यांना विचारायचे. एकानं तर स्वतःच कडवं रचून पाठवलं, पकडला गेला. जे कधी लिहिलंच नाही ते अर्धा तालुका शोधत होता, आणि ते का लिहिलं नाही हे ठाऊक असलेली एकटी मी कन्हेरीत बसून हात जोडल्याची चित्रं पाठवत होते.

मग या उन्हाळ्यात गुरुजींचा फोन आला. तात्यांच्या स्मृतिदिनाला डाळजला कार्यक्रम होता. तात्यांच्या सगळ्या गाण्यांची छापील यादी काढायची होती, आणि मला शाल द्यायची होती, समकालीन कवयित्री म्हणून.

बोलता बोलता गुरुजी म्हणाले, "वहिनींना एकेक गाणं ऐकवून आलो." वहिनी म्हणजे तात्यांच्या पत्नी. "सगळी ऐकली त्यांनी. पण शेवटी म्हणतात, ह्यातलं एक कमी हाय. कोणतं विचारलं तर म्हणतात, ते शाईचं. मी सांगितलं, वहिनी, ते तात्यांचं नव्हं, ते कन्हेरीच्या बाईंचं. ऐकेचनात. वय झालंय, घोळ होतो त्यांचा. सूनबाईपण म्हणाली, आताशा असंच काहीबाही बोलतात."

मी म्हणाले, "असं व्हय." फोन ठेवला आणि ओट्यापाशी तशीच उभी राहिले.

एवढी वर्षं मला वाटत होतं की मी एका मेलेल्या माणसाचं काहीतरी घेतलंय, आणि मेलेला माणूस मागायला येत नाही. इथं तर एक जिवंत बाई मागत होती. बरोबर तेच मागत होती. आणि माझ्यापायी सगळे तिला भ्रमिष्ट ठरवत होते.

माझ्या अंगात धाडस कमी आणि लबाडी जास्त, हे वय झालं म्हणून बदललेलं नाही. मी कबुली न देता काम उरकायचं बघितलं. दुपारी दार लावलं आणि मोबाइलवर स्वतः गाणं म्हटलं, शेवटच्या कडव्यात तात्यांचं नाव घालून. त्यासाठी कागदावर नाव मोठ्या अक्षरात लिहून समोर धरलं होतं. ग्रुपवर पाठवून दिलं. म्हटलं, समजायचं ते समजतील.

समजले. तासाभरात पन्नास फुलं आली. 'स्वतःचं नाव काढून दिवंगत कवीचं नाव घातलं, केवढा मनाचा मोठेपणा.' 'अशी माणसं आता होणे नाही.' गुरुजींनी लिहिलं की डोळे पाणावले. चोरी केली तेव्हा टाळ्या मिळाल्या होत्या, परत करायला गेले तर हार घालायला निघाले.

नातीनं घरी आल्यावर ते सगळं वाचलं. मग माझ्याकडं बघितलं. "आजी, गाणं कुणाचं हाय?"

"तात्यांचं."

"मला वाटलंच व्हतं. तू ते गाणं कधी घरात म्हणत न्हायीस."

मग तिनं विचारलं, "आता?"

"आता डाळजला."

रविवारी सकाळी तिच्या स्कूटीवरून निघालो. बारामती मागं टाकली, भिगवण आलं, मासळीचा वास आला, हायवेला लागलो. वाटेत मी दोनदा थांबायला लावलं. एकदा पाणी प्यायला आणि एकदा उगीच. दुसऱ्यांदा नात म्हणाली, "आजी, पायाला मुंग्या आल्यात का माघारी फिरायचंय?" मी म्हणाले, "गाडी चालव."

वहिनी पडवीत खाटेवर बसल्या होत्या. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. भिंतीवर तात्यांचा फोटो, त्यातही ते कॅमेऱ्याकडं न बघता बाजूला कुठंतरी बघताहेत.

"कोण हाय?"

"मी, वहिनी. कन्हेरीची. गायनवाली."

"आवाजावरनं वळखलं असतं. पर तुझा आवाज काय ऱ्हायला न्हाय."

"वय झालं, वहिनी."

"वय माझंबी झालंय. माझं तर डोस्कंबी गेलंय म्हणत्यात." हे त्या सुनेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या. सून चहा टाकायला आत गेली.

वाटेत मी बरंच काही जुळवून आणलं होतं. त्यातलं काही तोंडातून आलं नाही. मी म्हणाले, "ते शाईचं गाणं तात्यांचं हाय. नाव मी बदललं."

"मला काय सांगतीस? मला ठावं हाय. ज्यांस्नी ठावं न्हाय त्यांस्नी सांग."

मी मग विचारायला नको होतं ते विचारलं. "तात्यांना लई राग आला व्हता का?"

"ते म्हणायचं, गाणं लेकीवानी असतंय. नांदाया गेलं की नाव बदलायचंच."

मला एकदम हलकं वाटलं. चाळीस वर्षांचं ओझं कुणी हातानं उचलून बाजूला ठेवावं तसं.

"हे त्यांचं म्हणणं," वहिनी म्हणाल्या. "माझं न्हाय. मला राग आला व्हता. अजून हाय. हजेरीपटावर पयल्यांदा सही केली ती म्या. अंगठा न्हाय, सही. बाकीच्या बाया बघत हुब्या व्हत्या. त्या सांजच्याला ह्यांनी ते गाणं लिवलं. माझ्यावर लिवलं. अन् तू त्येच्यावर तुझी सही ठोकलीस."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं ते गाणं गायले आणि ते कुणाच्या बोटांवर लिहिलंय हे मी तात्यांना कधी विचारलं नव्हतं.

"गुरुजींना हे सांगायचं की, वहिनी," मी म्हणाले. "त्यात तात्यांचं नाव व्हतं म्हणून सांगायचं."

"कसं सांगू? ओळ म्हणून दावायची तर नाव घ्याया लागलं असतं."

आमच्या पिढीच्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, नाहीतर नाही. वहिनींनी तात्यांचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं. दुसऱ्यांच्या गळ्यातून ते यायचं, त्या ऐकायच्या. आणि जे गाणं त्यांच्यावरच केलेलं, नेमकं त्यातून ते गेलं होतं.

"म्हण आता," त्या म्हणाल्या. "पुरं म्हण."

नातीनं मोबाइल खाटेच्या कडेला ठेवला आणि चालू केला. पेटी नाही, ढोलकी नाही. मी मांडीवर हातानं ठेका धरून सुरू केलं. आवाज फाटत होता, पण चाल सापडली. वहिनी डोळे मिटून ओठ हलवत होत्या. तीन कडवी झाली. शेवटचं आलं. या वेळी समोर कागद नव्हता, आणि माझ्या जिभेनं सवयीनं माझंच नाव घेतलं.

त्यांच्या खाटेवर बसून, त्यांच्या तोंडावर.

आतून स्टोव्हचा आवाज येत होता. नातीनं मान खाली घातली. मला वाटलं, वहिनी आता जा म्हणतील, आणि मी गेले असते.

"परत," वहिनी म्हणाल्या.

मी परत शेवटचं कडवं धरलं. त्या जागेवर आले आणि थांबले. माझं नाव गिळलं, पण त्याच्या जागी दुसरं काही येईना. तात्यांचं नाव मला माहीत नव्हतं असं नाही. ठेका धरलेला हात तेवढा चालू राहिला.

तेव्हा वहिनींनी ते नाव घेतलं.

हळू नाही, चोरून नाही. हजेरी घेताना पुकारतात तसं घेतलं. सून चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती, ती तिथंच थांबली. फोटोतले तात्या बाजूला बघत होते. मी त्या नावावरून पुढं ओळ उचलली आणि गाणं पुरं केलं.

वहिनी सुनेला म्हणाल्या, "च्या निवंल." आणि मला म्हणाल्या, "राग गेला न्हाय बरं का."

"न्हाय, वहिनी."

"च्या घे."

परत येताना नातीनं विचारलं की मधलं कापू का, जिथं मी चुकले ते. मी म्हणाले, गुरुजींचा नियम आहे, शेवटचं कडवं कापायचं नाही. सगळं तसंच गेलं. त्याखाली मी बोलून नातीकडून लिहून घेतलं. गाणं तात्यांचं. नाव मी बदललं, का बदललं, कुठल्या सामन्यात. वहिनी बरोबर सांगत होत्या. त्या दोन गाण्यांचं शेवटचं कडवं शोधू नका, ते लिहिलेलंच नाही, आणि तेही माझ्यामुळं.

या वेळी फुलं आली नाहीत. संध्याकाळी एकानं विचारलं, 'एवढी वर्षं गप्प का बसलात?' प्रश्न रास्त होता. मी उत्तर लिहायला घेतलं आणि पुसलं, परत घेतलं आणि परत पुसलं. शेवटी लिहिलं, 'टाळ्या आवडल्या म्हणून.' दोघंजण ग्रुप सोडून गेले. त्यात तो ट्रॅक्टरवाला होता, त्याचं मला वाईट वाटलं.

गुरुजींनी फोन केला तो दोन दिवसांनी. "बाई," ते म्हणाले, "वहिनींना मी वेडं ठरवलं." दुसऱ्या दिवशी डाळजला जाऊन आले. शाल रद्द झाली हे सांगायला नकोच. कार्यक्रमाला मी गेले, मागं बसले. छापील यादीत 'अंगठ्याची शाई' सगळ्यात वर होतं.

गेल्या आठवड्यात कऱ्हाटीच्या बाईंनी तेच गाणं पुन्हा म्हणून पाठवलं. या वेळी कुकर नव्हता, नुसता गळा. मी घरात एकटीच होते. पलंगावर बसून ऐकलं. शेवटच्या कडव्यात माझ्या नावाच्या जागी तात्यांचं नाव आलं, आणि चपखल बसलं. खोटं कशाला बोलू, जरा टोचलं.

मग मी प्रतीखालचं वाचलं. कुणी गायलं, कुठं गायलं, ते नेहमीचंच. आधीच्या सगळ्या प्रतींखाली 'कुणाकडून मिळालं' याच्यापुढं माझ्या कॅसेटचा उल्लेख असायचा. इथं बाईंनी लिहिलं होतं, डाळजच्या वहिनींकडून.